तळाचा रंग

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. शिट्ट्या, पोहण्याच्या चष्म्यांचे तुटके पट्टे, क्लोरीन तपासायच्या बाटल्या, कुणाच्या तरी मुलाची विसरलेली टोपी. त्या दिवशी मात्र टेबलावर तलावाचा तळ मांडला होता, तोही तीन प्रकारचा.

तलाव आमचा स्वतःचा. सासऱ्यांनी उमेदीत बांधला आणि निम्म्या गावाला त्यात पोहायला शिकवलं. बाहेरचे लोक त्यांना मास्तर म्हणतात, आम्ही अण्णा. आता शिकवायचं काम माझी नणंद आणि माझा नवरा करतात. नणंद थोरली, तिला मीही ताईच म्हणते. मी फी घेते, चौकशीला उत्तरं देते आणि ओल्या पायांनी ऑफिसात शिरणाऱ्यांवर ओरडते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं घरातही पोहतच असतील. तसं काही नव्हतं, पण बोलणं सगळं पाण्याचंच.

तळाचा विषय निघाला तो गुडघ्यांवरून. जुनं प्लॅस्टर जागोजागी सुटलं होतं, खालची वाळू उघडी पडली होती. मुलांचे गुडघे, अंगठे सोलवटत होते. आया आधी गोड बोलत, मग नुसत्या बघत. ताईने ठेकेदाराला बोलावलं. त्याने उथळ भागात उतरून भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केली, पोकळ आवाज आला की मान डोलावली आणि वर येऊन म्हणाला, "ठिगळं लावून भागायचं नाही. सगळं खरवडायचं आणि नवा थर द्यायचा. कशाचा द्यायचा ते तुम्ही ठरवा."

आमच्या घरात 'तुम्ही ठरवा' असं कुणी म्हणू नये.

ठेकेदाराने आणलेले तीन नमुने असे. एक, पांढरं प्लॅस्टर, संगमरवराची भुकटी घातलेलं, जुन्यासारखंच पण चांगल्या प्रतीचं. दुसरा, बारीक गोल खडीचा करडा थर, हाताला जरा खरखरीत. तिसरा, काचेच्या छोट्या फरश्या, निळ्या. नवऱ्याला फरश्या हव्या होत्या, कारण त्या पुसल्या की झालं. तळ घासायचं काम त्याच्याकडे आहे, म्हणून त्याचं मत मी फारसं मनावर घेतलं नाही. ताईला करडी खडी हवी होती.

"करड्यावर पाणी कसं खोल दिसतं, डोंगरातल्या तळ्यासारखं," ती म्हणाली. "डाग दिसत नाहीत. वर्षानुवर्षं टिकतं. सगळीकडे आता हेच करतात."

"ताई बरोबर बोलतायत," ठेकेदार म्हणाला. ठेकेदाराला सगळेच बरोबर बोलतात असं वाटायचं. त्याचा धंदाच तसा.

अण्णांनी तिन्ही नमुने एकेक करून हातात घेतले. अंगठा फिरवला, कड चाचपली, नखाने टोकरून पाहिलं. आम्ही सगळे आदराने बघत राहिलो. जन्म गेलाय या माणसाचा तलावात, हाताला कळतं त्याच्या, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी पांढरा नमुना पुढे सरकवला.

"पांढराच."

"का पण अण्णा?" ताई म्हणाली.

"तलाव पांढराच असतो."

हे काही कारण झालं नाही आणि ताईने तसं सांगितलंही. पांढऱ्यावर शेवाळाचे डाग पडतात, पांढरं लवकर झिजतं, थोड्या वर्षांनी पुन्हा हेच रामायण. अण्णा ऐकत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. दोन-चार दिवस घरात तोच विषय. ताई कारणं द्यायची, अण्णा तोच एक शब्द परत पुढे ठेवायचे. बापलेकीचा हट्ट एकाच साच्यातला असल्यामुळे मधे कुणी पडत नव्हतं. माझा नवरा तर असा विषय निघाला की पंपाकडे जायचा. त्या आठवड्यात आमच्या पंपाची जेवढी निगा राखली गेली तेवढी आयुष्यात कधी गेली नसेल.

आता खुर्चीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तलावाच्या लांबीच्या मधोमध, काठावर, एक उंच लोखंडी खुर्ची आहे. शिडीने वर चढायचं. मुलं पाण्यात असताना तिथे बसून कुणीतरी सगळ्या तलावावर नजर ठेवायची. ताई आणि नवरा पाण्यात उतरून शिकवतात, त्यांचं लक्ष हाताखालच्या दोन-तीन मुलांवर. बाकीच्यांची राखण खुर्चीची. ती खुर्ची अण्णांची.

खुर्चीचा नियम अण्णांनीच घातलेला, काळ्या दगडावरची रेघ. खुर्चीत बसलेल्याशी बोलायचं नाही. नमस्कार नाही, निरोप नाही, 'चहा ठेवलाय' हेसुद्धा नाही. पालक असोत, पाहुणे असोत, घराला आग लागलेली असो, बोलायचं ते खाली उतरल्यावर. तरुणपणी दुसऱ्या कुठल्यातरी तलावावर राखणदार कुणाशी तरी गप्पा मारत होता आणि पाच हातांवर एक मूल बुडत होतं. त्याला अण्णांनी बाहेर काढलं. ते मूल वाचलं, पण तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात हे पक्कं बसलं. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हा नियम ऐकवते. लोकांना तो फार आवडतो. मास्तर डोळ्यांत तेल घालून बसतात, असं ते एकमेकांना सांगतात.

म्हणजे अण्णा रोज संध्याकाळभर तिथे बसत आणि एकही माणूस त्यांना एकही प्रश्न विचारत नसे.

शेवटी ताईनेच तोडगा काढला. "टेबलावर ठेवून काय कळणार? तलावात पाणी आहे, खुर्ची आहे, हातच्या कांकणाला आरसा कशाला? करडं खाली टाकू, त्यावर ढब्बूला ठेवू. अण्णांनी खुर्चीतून बघावं. दिसला तर करडा, नाही दिसला तर पांढरा."

ढब्बू म्हणजे आमचा रबरी बाहुला, सात-आठ वर्षांच्या मुलाएवढा. बुडणाऱ्याला वर कसं काढायचं हे शिकवायला ठेवलाय. पोटात पाणी भरलं की तो तळाला जातो. रंग मातकट, एका हाताला पट्टी, चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. त्याचं नाव मुलांनी ठेवलं.

अण्णा जरा थांबून म्हणाले, "करू या की."

ठेकेदाराने दाराएवढ्या सिमेंटच्या फळीवर करड्या खडीचा थर देऊन आणला. दुपारची वेळ, तलावात कुणी नव्हतं. अण्णा खुर्चीत चढून बसले, नेहमीसारखे ताठ, हात गुडघ्यांवर. ठरलं असं की आधी ढब्बूला जुन्या पांढऱ्या तळावर ठेवायचं, मग करड्या फळीवर. दिसला की अण्णांनी सांगायचं. नवरा आणि ठेकेदाराने फळी दोरांनी खोल भागात सोडली. मी ढब्बूला पोटात पाणी भरून काठावर कडेवर घेऊन उभी राहिले. चांगलाच जड होता, आणि माझ्या साडेतीन फुटी मुलीला अलीकडे मी कडेवर घेत नाही ते का, हे मला आठवलं.

फळी खाली तिरकी बसली. ताईने मला हातानेच 'थांब' अशी खूण केली आणि दोर सोडवायला ती आधी एकटीच सूर मारून खाली गेली. पाणी उडालं, लाटा काठाला लागल्या, मग शांत झालं.

"दिसला," अण्णा वरून म्हणाले.

मी ढब्बूकडे पाहिलं.

"स्वच्छ दिसतोय. डाव्या भिंतीशी, उताणा. पांढऱ्यावर असाच दिसणार. आता करड्यावर ठेवा म्हणजे तुम्हालाच कळेल."

डाव्या भिंतीशी ताईने सूर मारला होता. तिथे आता काही नव्हतं. नवरा दोर हातात धरून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. ठेकेदाराने खाली वाकून आपल्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. तेवढ्यात ताई वर आली, काठ धरला, नाक पुसलं आणि हात पुढे केला.

"दे गं ढब्बूला."

कुणी हललं नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. नवऱ्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येणार नव्हतं हे मला लग्नापासून माहीत आहे. खुर्चीत बसलेल्याशी बोलायचं नाही हा नियम आम्हा सगळ्यांच्या इतका अंगात मुरलेला की त्या क्षणीसुद्धा तो आडवा आला. मग मीच बोलले.

"अण्णा, ढब्बू माझ्या कडेवर आहे."

अण्णांनी मान वळवली नाही. ते पाण्याकडेच तोंड करून बसून राहिले. मला आधी त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. आणि लगेच आठवलं. माझी मुलगी रोज संध्याकाळी या पाण्यात असते. मी ऑफिसात निवांत बसून फीच्या पावत्या फाडते, कारण खुर्चीत अण्णा आहेत. जी दया आली होती ती कुठल्या कुठे गेली. इतका राग मला या घरात कधी कुणाचा आला नव्हता, आणि रागावण्यासारखी माणसं इथे कमी नाहीत.

"कधीपासून?" ताईने विचारलं. ती अजून पाण्यातच होती.

"मधलं गेलंय," अण्णा म्हणाले. "मधे धुकं, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं काहींना."

"कधीपासून, अण्णा?"

"थंडीपासून." मग जरा वेळाने, "पांढऱ्यावर सावली कळते. हलली, थांबली, कळतं. करड्यावर तेवढंही कळलं नसतं."

म्हणजे पांढराच का, त्याचं कारण इतक्या दिवसांनी मिळालं. मला टेबलावरचे ते नमुने आठवले, त्यांवर फिरणारा अंगठा आणि आमचे आदराने भरलेले चेहरे. अण्णा हल्ली वर्तमानपत्र वाचत नव्हते, बातम्या सगळ्या त्याच त्याच असतात म्हणायचे. त्यावर नवऱ्याने काय कौतुक केलं होतं, वडिलांना वैराग्य आलं म्हणून. घरभर डोळस माणसं, आणि काखेत कळसा.

"मुलं होती पाण्यात," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"माझे कान आहेत. प्रत्येकाचा हात मारायचा आवाज मला ओळखू येतो. कोण दमलंय, कोण—"

"बुडणारं मूल आवाज करत नाही. ओरडत नाही, हात मारत नाही, गुपचूप खाली जातं. हे मला कुणी शिकवलं?"

हे वाक्य अण्णांचंच होतं. प्रत्येक नव्या बॅचच्या पालकांना ते पहिल्या दिवशी उभं करून ऐकवत. त्यांनी हाताने शिडीचा दांडा शोधला, पायाने पायरी चाचपली आणि ते खाली उतरले. नेहमीच असे उतरायचे ते. गुडघे दुखत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते बाकावर जाऊन बसले. कुणाला काय करावं कळेना. ठेकेदाराला वाटलं, निदान आपलं काम तरी मार्गी लावावं. तो घसा खाकरून म्हणाला, "मग ताई, करडाच धरायचा ना? आता तर..." पुढचं वाक्य त्याने गिळलं, एवढी समज त्याला होती.

ताई पाण्यातून बाहेर आली. ओल्या अंगानेच शिडी चढून खुर्चीत बसली. मी तिला त्या खुर्चीत पहिल्यांदाच पाहत होते. भावाला म्हणाली, "ढब्बूला करड्यावर ठेव."

नवऱ्याने माझ्याकडून ढब्बूला घेतलं आणि तो खाली गेला. ऊन तिरपं झालं होतं, पाण्यावर चकाकी होती. ताई डोळ्यांवर हात धरून पुढे वाकली. मग खुर्चीतून अर्धी उठली. नवरा वर आला, काठ धरून उभा राहिला.

"ठेवलास का?" ताईने विचारलं.

"केव्हाच."

"कुठे?"

"फळीवर. मधोमध."

ती बघत राहिली. तिचे डोळे चांगले आहेत, लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षरही ती वाचते. मीसुद्धा काठावरून वाकून पाहिलं. खाली गडद पाणी होतं, फार सुंदर, अगदी डोंगरातल्या तळ्यासारखं. त्यात ढब्बू कुठे होता ते मला कळलं नाही. पाणी हललं तसं एकदा वाटलं, हा असावा. ती फळीची कड होती.

"पांढरा," ताई वरूनच म्हणाली.

"डाग पडतात हां पांढऱ्यावर," ठेकेदार म्हणाला. "मागाहून मला बोलायचं नाही."

"पडू देत. घासू."

नवऱ्याने पाण्यातून तिच्याकडे पाहिलं, पण फरश्यांचं नाव काढलं नाही. खुर्चीखालच्या बाकावर अण्णांना हे सगळं ऐकू गेलं होतं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांना चहा आणून दिला. रागात होते म्हणून कप बाकावर ठेवून दिला, हातात दिला नाही. मग तो त्यांना सापडेना, तेव्हा उचलून हातात दिला.

दुरुस्तीसाठी तलाव बंद होण्याआधीची शेवटची बॅच त्याच संध्याकाळी होती. ताईने खुर्ची घ्यायची, शिकवणं त्या दिवशी नाही, मुलांनी फक्त उथळ भागात खेळायचं, असं ठरलं. पालकांना काय सांगायचं यावर नवरा म्हणाला, "काही सांगायला नको. अण्णांची तब्येत बरी नाही म्हणू. तलाव उघडेपर्यंत लोक विसरतील." मला वाटलं, ताई हो म्हणणार. मलाही ते सोपं वाटत होतं, कारण आयांच्या प्रश्नांना तोंड मलाच द्यायचं होतं.

अण्णा उठले. "मी फाटकाशी उभा राहतो," म्हणाले. मग माझ्या दिशेने, "सूनबाई, तू बरोबर ये. कोण येतंय ते मला सांगत जा."

आम्ही फाटकाशी जाऊन उभे राहिलो. पहिल्यांदा जुळ्यांची आई आली. मी हळूच म्हटलं, "जुळ्यांची आई." अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मला दिसत नाही. थंडीपासून दिसत नाही. तुमची मुलं पाण्यात असताना मी वर बसत होतो. आजपासून माझी मुलगी बसेल." ती हसली, मास्तर थट्टा करतायत असं तिला वाटलं. अण्णांनी तेच पुन्हा सांगितलं. मग तिचं हसू गेलं. तिने मुलांचे हात धरले आणि ती तशीच परत फिरली.

पुढे औषधांच्या दुकानाचे मालक आले. ते लहानपणी अण्णांकडेच पोहायला शिकलेले. ते म्हणाले, "असू द्या हो मास्तर, तुम्ही नुसतं बसलात तरी..." अण्णांनी त्यांना तिथेच थांबवलं. "नुसतं बसून चालत नाही. मी बसलो, ते चुकलं." एका बाईने आवाज चढवला. तिचं सगळं बोलणं ऐकून घेऊन अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एक आजोबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले, पण नातीला त्यांनी पाण्यात न सोडता बाकावरच बसवलं. मी एकेकाचं नाव-गाव सांगत होते आणि अण्णा तेच वाक्य म्हणत होते. लांबवलं नाही, आणि वयाचं, डॉक्टरांचं नाव एकदाही घेतलं नाही. माझा राग होता तिथेच होता, पण तो धरून उभं राहणं मला जड जायला लागलं होतं.

येणारे संपले. आत मुलांचा आवाज नेहमीपेक्षा बराच कमी होता. खुर्चीत ताई ताठ बसली होती.

"अजून कोण?" अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही. झालं सगळं."

"तू राहिलीस."

ते माझ्याकडे वळले. नेमके माझ्याकडे नाही, जरासे बाजूला, कारण कडेचंच दिसत होतं. त्यांनी हात जोडले. सासऱ्यांनी सुनेपुढे हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "तुझी मुलगी पाण्यात होती आणि मी वर बसत होतो."

'असू द्या' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी ते म्हणाले नाही. म्हटलं, "हो अण्णा. होती." त्यांनी मान हलवली. मग मी त्यांचे जोडलेले हात सोडवले, एक हात माझ्या हातात घेतला आणि आम्ही आत गेलो.